दहा मिनिटांचा उजेड, दोन हंगामांची बाग

मी चित्रकला शिकवते. मुलांना एखाद्या बागेत किंवा मळ्यात नेलं, की परतताना त्यांच्या वह्या बऱ्याचशा कोऱ्या असतात आणि मोबाइल भरलेले असतात. “बाई, फोटो काढलेत, घरी जाऊन करतो,” असं ती अगदी मनापासून सांगतात. आठवड्याने चित्र येतं. फुलं बरोबर असतात, कुंपण बरोबर असतं, मागचा पंपही असतो. पण जे पाहून तो मुलगा त्या जागी पाय रोवून उभा राहिला होता, नेमकं तेच चित्रात नसतं. ते कुठे गळालं, हे त्यालाही सांगता येत नाही.

हे समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं प्रकरण इंग्लंडमधलं आहे आणि १४० वर्षांपूर्वीचं आहे. जॉन सिंगर सार्जंट हा चित्रकार १८८५च्या सप्टेंबरात एका संध्याकाळी एका बागेत काहीतरी पाहतो, आणि ते कॅनव्हासवर पुरं उतरायला १८८६चा ऑक्टोबर उजाडतो. चित्राचं नाव ‘कार्नेशन, लिली, लिली, रोझ’, म्हणजे नुसती फुलांची नावं. आज ते लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे. पांढऱ्या झग्यांतल्या दोन लहान मुली फुलझाडांच्या गर्दीत उभ्या राहून कागदी कंदील पेटवताहेत, एवढाच विषय. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी एका संध्याकाळी बसून झरझर केलेलं काम असावं. त्या दोन तारखांच्या मधल्या वर्षभरात काय काय झालं ते इथे तपशिलाने मांडते आहे.

चित्रकार कुठल्या अवस्थेत होता

सार्जंट तेव्हा २९ वर्षांचा होता. आईवडील अमेरिकन, जन्म फ्लॉरेन्सचा, शिक्षण पॅरिसमध्ये कारोल्यूस-द्युराँ यांच्या हाताखाली. व्यक्तिचित्रणात त्याचा हात लवकर बसला आणि नावही लवकर झालं. मग १८८४च्या पॅरिस सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, त्याने मादाम गोत्रो या पॅरिसमधल्या प्रतिष्ठित स्त्रीचं चित्र लावलं. काळा पोशाख, गोरीपान कांती, आणि पोशाखाचा एक पट्टा खांद्यावरून खाली घसरलेला. त्या पट्ट्यावरून पॅरिसमध्ये गदारोळ उठला. त्याने नंतर तो पट्टा खांद्यावर सरळ बसवून रंगवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. व्यक्तिचित्रकाराचं पोट गिऱ्हाइकाच्या विश्वासावर चालतं, आणि तो विश्वास डळमळला होता.

इंग्लंडमध्ये तो आला तेव्हा पुढचं काही ठरलेलं नव्हतं. या प्रकरणात ही गोष्ट मला विसरून चालत नाही. हातात मागणीचं मोठं काम असतं, तर एका विषयावर दोन हंगाम घालवायला तो मोकळा राहिला असता का, याची मला शंका आहे. ‘कार्नेशन’ला गिऱ्हाईक नव्हतं. कुणी मागितलेलं नव्हतं, कुणाला तारीख दिलेली नव्हती.

मूळ दृश्य पँगबोर्नचं

एडविन ऑस्टिन ॲबी हा त्याचा अमेरिकन मित्र पुस्तकं आणि मासिकांसाठी चित्रं काढत असे. दोघं मिळून टेम्स नदीतून ऑक्सफर्डहून विंडसरच्या दिशेने होडीने निघाले होते. पँगबोर्नला नदीवरच्या बंधाऱ्यावरून सार्जंटने सूर मारला आणि पाण्याखालच्या एका टोकदार खुंटावर त्याचं डोकं आपटलं. खोक पडली. ॲबीने त्याला बरं होण्यासाठी वूस्टरशायरमधल्या ब्रॉडवे या गावी आपल्या ओळखीच्या मंडळींकडे नेलं.

याच प्रवासात पँगबोर्नजवळ त्याने संध्याकाळच्या वेळी झाडांत आणि लिलीच्या फुलांत टांगलेले कागदी कंदील पाहिले. म्हणजे दृश्य दिसलं एका बागेत आणि चित्र झालं दुसऱ्याच बागेत. हे सहसा नजरेआड होतं, आणि मला तर प्रकरणाची किल्लीच इथे दिसते. पँगबोर्नची बाग त्याने रंगवलीच नाही. तिथली झाडं, तिथला वाफा, तिथली माणसं, काहीच बरोबर आणलं नाही. बरोबर आणला तो एक संबंध: वरून उतरणारा थंड, निळसर उजेड आणि कागदाच्या आतून येणारा ऊबदार उजेड एकाच वेळी पांढऱ्या फुलांवर पडला की काय होतं, तो. तो पुन्हा जमवायला बाग, मुली, कंदील आणि पांढरं कापड लागणार होतं. कुठलीही बाग चालली असती.

माझ्या मुलांच्या मोबाइलमध्ये बाग येते, हा संबंध येत नाही. कॅमेरा एक तर कंदील धरतो आणि गवत काळं करतो, किंवा गवत धरतो आणि कंदिलाच्या जागी पांढरा डाग ठेवतो. डोळा दोन्ही एकदम पाहतो.

ब्रॉडवे

ब्रॉडवे हे कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांच्या पायथ्याचं गाव. तिथली घरं मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडात बांधलेली आहेत. फ्रँक मिलेट हे अमेरिकन चित्रकार आणि त्यांची पत्नी लिली यांनी तिथलं फार्नहॅम हाऊस घेतलं होतं. त्यांच्याभोवती मोठा गोतावळा होता: ॲबी, बागा रंगवणारे आल्फ्रेड पार्सन्स, समीक्षक एडमंड गॉस, कादंबरीकार हेन्री जेम्स, चित्रकार फ्रेडरिक बर्नार्ड आणि त्यांचं कुटुंब. दिवसा काम, दुपारनंतर टेनिस, रात्री पियानोभोवती गाणी. आजारी पाहुणा म्हणून आलेला सार्जंट या घरचाच होऊन गेला.

यजमानांच्या अंगणात कुणी मोठा कॅनव्हास रोवून बसला, रोज संध्याकाळी घरातल्या लेकरांना उभं करू लागला, वाफ्यांत पाय घालू लागला, तर आपल्याकडे पहिला आठवडा कौतुकात जातो. पुढे? मिलेट कुटुंबाने हे दोन वर्षं निभावलं. घरातल्या बायकांनी झगे बेतले, कंदील लावले, मुलींना धरून ठेवलं. चित्रावर सही एकाची आहे, पण काम त्या सगळ्या घराचं आहे असं मी म्हणेन.

तीन साक्षीदार, तीन घड्याळं

आता मुख्य अडचण. सार्जंटने बहीण एमिलीला लिहिलेल्या पत्रात ती स्पष्ट मांडली आहे. विषय भयंकर अवघड आहे, फुलांचे, दिव्यांचे आणि मागच्या हिरवळीचे रंग अशक्य वाटावेत इतके झळझळीत आहेत, आपले रंग तेवढे उजळ नाहीत, आणि सगळा परिणाम टिकतो जेमतेम दहा मिनिटं.

दहा मिनिटं, असं चित्रकार म्हणतो. ब्रॉडवेला असलेला अमेरिकन चित्रकार एडविन ब्लॅशफील्ड याची आठवण वेगळी आहे: सात वाजायला पंचवीस मिनिटं असताना सार्जंट टेनिसची रॅकेट टाकायचा, सगळे मिळून तो सात फुटी कॅनव्हास बागेत आणायचे, आणि सात वाजेपर्यंत तो वेड्यासारखा रंगवायचा. गॉस म्हणतात, दोन-तीन मिनिटंच. त्यांच्या आठवणीत टेनिस सुरू होण्याआधीच सगळी मांडणी तयार असे. कॅनव्हास ठेवायची लाकडी घोडी, कॅनव्हास, फुलं, पांढऱ्या झग्यांतल्या शहाण्या मुली. नेमका क्षण आला की खेळ थांबे. सार्जंट कॅनव्हासपासून लांब उभा राही, उजेड हवा तसा झाला की हिरवळीवरून पुढे धावे, पटापट रंगाचे ठिपके ठेवी आणि पुन्हा मागे येई. गॉस यांनी त्याच्या या धावण्याला धोबी पक्ष्याची उपमा दिली आहे. ओढ्याकाठी ज्याने धोबी पाहिला आहे त्याच्या डोळ्यांपुढे ते लगेच उभं राहतं. तुरुतुरु पुढे, थांबला, शेपटी हलवली, पुन्हा तुरुतुरु.

पंचवीस, दहा आणि दोन-तीन, हे आकडे एकमेकांना छेद देतात असं पहिल्यांदा वाटतं. माझ्या मते तिघंही बरोबर आहेत, फक्त तिघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. पंचवीस मिनिटं म्हणजे कॅनव्हास उभा राहिल्यापासून आत जाईपर्यंतचा काळ, दहा म्हणजे दोन उजेड तुल्यबळ असण्याचा, आणि दोन-तीन मिनिटं म्हणजे ज्यात कुंचला खरोखर कॅनव्हासला टेकत होता तो वेळ. उरलेल्या वेळात तो पाहत होता.

हे तपासायला मी गेल्या दिवाळीत अंगणात एक साधा प्रयोग केला. तगरीच्या फांदीला कागदी आकाशकंदील टांगला, आत लहानसा पिवळा बल्ब. शेजारी जास्वंद होतीच. दोरीवर पांढरा पंचा वाळत घातला आणि घड्याळ घेऊन पायरीवर बसले. सूर्य टेकला तेव्हा कंदील म्हणजे नुसता कागद होता. दिवा लागला आहे की नाही, हे वाकून पाहावं लागलं. मग हळूहळू कागद आतून पिकल्यासारखा झाला. पंच्याची कंदिलाकडची कड केशरी आणि आभाळाकडची कड निळसर-जांभळी, अशी एकाच कापडावर दोन्ही दिसायला लागली. पांढरा असा त्यात कुठेच उरला नव्हता. तगरीची फुलं आपली आपण उजळल्यासारखी पुढे आली. जास्वंदीचं तांबडंभडक फूल मात्र बघता बघता काळपट पडलं, त्याची पानं त्याच्याहून उजळ दिसू लागली. मी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा वर पाहिलं, तेवढ्यात हिरवं गेलं होतं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. त्यानंतर अंगणात फक्त कंदील होता, बाकी अंधार.

तांबडं आधी विझतं आणि हिरवं-निळं मागे रेंगाळतं, याला कारण आहे. प्रकाश कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. दंडपेशींना तांबड्याचं जवळपास ज्ञान नसतं. यान पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवलं म्हणून त्याला पुर्किंये परिणाम म्हणतात. सार्जंटने हे शास्त्र वाचलं असो-नसो, डोळ्यांनी ते त्याने पुरतं जाणलं होतं. चित्रात खाली कार्नेशनचे तांबडे-गुलाबी तुरे आहेत, पण भर सगळा पांढऱ्या लिलीवर, पांढऱ्या झग्यांवर आणि त्या विलक्षण, थंड हिरव्या गवतावर आहे. आणि आभाळाचा तुकडाही नाही. क्षितिजच नाही. कॅनव्हासच्या वरच्या कडेपर्यंत गवत आणि फुलं. आभाळ दाखवलं असतं तर ते कंदिलांहून उजळ ठरलं असतं आणि कंदील मेले असते. निळा उजेड कुठून येतो ते न दाखवता तो झग्यांच्या चुण्यांत ठेवला आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं निरांजन हाती घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र आठवेल. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. तिथेही ज्योतीचा उजेड बोटांतून आणि चेहऱ्यावर येतो. पण त्यात अंधार स्थिर आहे, ज्योत एकटीच बोलते. सार्जंटला दोन उजेडांची जुगलबंदी हवी होती आणि त्यातला एक दर मिनिटाला मावळत होता. अवघडपणाची जात वेगळी.

इंग्लंडमध्ये संधिप्रकाश आपल्यापेक्षा जास्त रेंगाळतो. तिथे सूर्य तिरका उतरतो, आपल्याकडे जवळपास सरळ बुडतो. तरीही त्याला दहाच मिनिटं मिळत होती. शिवाय हा क्षण रोज दोन मिनिटांनी अलीकडे सरकत होता. सप्टेंबरात पावणेसातच्या सुमाराला येणारी कातरवेळ नोव्हेंबर लागेपर्यंत पाचच्या आत आली. टेनिसचा डाव रोज थोडा लवकर मोडायचा, एवढाच खेळाडूंना त्याचा पत्ता.

बाग चित्राच्या मागे धावते

पहिला हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. थंडी पडू लागली तसे मुलींच्या झग्यांच्या आत घोट्यापर्यंतचे लोकरी स्वेटर आले. स्वतः सार्जंट उत्तर ध्रुवावर निघाल्यासारखा गुंडाळलेला असे. गुलाब कोमेजले. मग लंडनच्या दुकानातून कापडी फुलं मागवून वाळक्या फांद्यांना बांधली गेली. मूळ प्रेरणा फुलांच्या बहराची, आणि प्रत्यक्षात समोर वठलेल्या झुडपाला बांधलेली नकली फुलं. मला यात काही खोटं वाटत नाही. गुलाबाची आकृती त्याला तोपर्यंत पाठ झाली होती. त्या जागी एक फिकट गोळा हवा होता, ज्याच्यावर तो उजेड पडला की काय होतं हे पाहता येईल. तेवढं काम कापड करू शकत होतं. उजेडाला मात्र दुसरं काही पर्यायी नव्हतं, म्हणून त्यासाठी तो कुडकुडत बागेत जात राहिला.

चित्र पुरं झालं नाही. कॅनव्हास आत गेला.

पुढच्या वर्षी त्याने काय केलं, त्यावर मी वर्गात सगळ्यात जास्त बोलते. उन्हाळा येण्याच्या आधीच त्याने फ्रँक मिलेटची बहीण लुशिया हिच्याकडे लिलीचे ५० कंद पाठवून दिले, काही कुंड्यांत लावायला, काही वाफ्यात. पहिल्या वर्षी तो बागेत जे होतं त्यावर अवलंबून होता. दुसऱ्या वर्षी बाग त्याने चित्राच्या मापाने लावली. पांढऱ्या पाकळीवर सोनेरी पट्टा असलेली ती लिली मुळात जपानची, १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये आलेली. मुलींच्या डोक्यावर जाईल इतकी ती उंच वाढते. चित्रात मुली फुलांत बुडाल्यासारख्या दिसतात तो परिणाम या उंचीचा आहे. तो कंद लावताना ठरला, कुंचला हातात घेण्याच्या कितीतरी आधी.

मिलेट मंडळी तोवर गावातल्याच रसेल हाऊसमध्ये राहायला गेली होती. म्हणजे पँगबोर्न, फार्नहॅम हाऊस आणि रसेल हाऊस, अशी ही तिसरी बाग. तिथे एक मोठा वाफा खास चित्रासाठी काढला, पण गुलाब हवे तसे आले नाहीत. तेव्हा जवळच्या विलर्सी गावात एका रोपवाटिकेत फुललेला गुलाबाचा ताटवा पाहून सार्जंट मालकाला म्हणाला, की हे सगळेच द्या, खणून आज दुपारीच पाठवा, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. ज्याचं गिऱ्हाईक तुटलं आहे अशा माणसाने केलेला हा खर्च आहे, हे लक्षात घेतलं की त्या वाक्यातली निकड कळते.

केट

एक गोष्ट मला टोचते आणि तीही प्रकरणाचा भाग आहे. पहिल्यांदा कंदील हातात घेऊन उभी राहिली ती घरची मुलगी, पाच वर्षांची केट मिलेट. तिचे केस काळसर होते. सार्जंटला त्या जागी उजळ केस हवे होते म्हणून तिला सोनेरी केसांचा टोप घातला गेला. मग बर्नार्डांच्या मुली आल्या, ११ वर्षांची डॉली आणि ७ वर्षांची पॉली. त्यांचे केस हव्या त्या रंगाचे होते, आणि मोठ्या असल्याने त्यांना जास्त वेळ स्थिर उभं राहता येत होतं. केटची जागा त्यांना मिळाली.

चित्राच्या दृष्टीने निर्णय अचूक आहे. काळ्या केसांनी त्या कातरवेळेत दोन भोकं पाडली असती. एकीच्या जागी दोघी आल्यामुळे दोन झुकलेल्या माना, दोन कंदील, आणि त्यांच्या मधली एक न बोललेली कुजबुज चित्रात आली. तरी आपल्याच अंगणात, आपल्याच फुलांत, आपला कंदील दुसऱ्या मुलींच्या हातात पाहणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीला काय वाटलं असेल, हा विचार ते चित्र पाहताना माझ्या मनातून जात नाही. वर्गात मॉडेल म्हणून एखाद्या लहान मुलीला उभं करून नंतर बदलायची वेळ आली, की मी तिच्या हातात पॅलेट देते आणि माझ्या शेजारी बसवते.

रात्री जे पुसलं जायचं

ब्लॅशफील्डच्या आठवणीतला आणखी एक तपशील. संध्याकाळी काम झालं की सगळे मिळून कॅनव्हास आत नेत, भिंतीला टेकवत आणि कौतुकाने पाहत. सकाळी न्याहारी करून चित्रशाळेत जावं तर रात्रीचं सगळं काम सुरीने तळापर्यंत खरवडलेलं. असं कितीतरी दिवस चाललं. आणि मग एका दिवसापासून चित्र टिकलं.

हे वाचून माझ्या विद्यार्थ्यांना धक्का बसतो. त्यांना वाटतं, एवढं वाया घालवलं. तैलरंगाचं काम करणाऱ्याला मात्र यातलं व्यावहारिक शहाणपण दिसेल. रोज थरावर थर चढवत गेलं तर खालचा अर्धवट सुका रंग वरच्यात मिसळतो आणि सगळं मळकट होतं. या चित्राला दुसरं काहीही परवडलं असतं, मळकटपणा परवडला नसता. आपले रंग पुरेसे उजळ नाहीत अशी ज्याची तक्रार आहे, त्याला रंगाखाली कोरा, उजळ पृष्ठभाग रोज हवा. शिवाय रोज खरवडल्यामुळे रोज पहिल्यापासून पाहणं आलं. कालचं आज दुरुस्त करण्याच्या नादात माणूस समोरच्या उजेडाकडे पाहायचं विसरतो आणि कालच्या रंगाकडे पाहू लागतो. ते त्याने स्वतःला करू दिलं नाही. दहा मिनिटांत संपणारी संध्याकाळ त्याला अशी कित्येकदा नव्याने पाहता आली, आणि हाताला ती इतकी सवयीची झाली की शेवटी दोन-तीन मिनिटांत ती उतरू लागली. म्हणूनच ते चित्र झरझर केलेलं वाटतं. शेवटचे फटकारे खरोखरच झरझर मारलेले आहेत.

काम संपत आलं तेव्हा एक बदल राहिला होता. कॅनव्हास मुळात जास्त रुंद होता. सार्जंटने डाव्या बाजूची सुमारे दोन फुटांची पट्टी कापून टाकली आणि चित्र जवळपास चौकोनी केलं. आज त्याचं माप १७४ बाय १५३.७ सेंटिमीटर आहे. दोन हंगामांच्या संध्याकाळी त्या पट्टीवरही गेल्या होत्याच. ती कापल्यावर डोळ्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. आपण त्या फुलांत मुलींबरोबर कोंडले जातो, सुखाने.

पुढे काय झालं

नावाची गोष्ट थोडक्यात. त्या घरात रात्री पियानोभोवती जी जुनी इंग्रजी गाणी म्हणत, त्यांतल्या एकात फ्लोरा नावाच्या स्त्रीने डोक्यावर काय माळलं होतं या प्रश्नाला हे उत्तर येतं: कार्नेशन, लिली, लिली, रोझ. ब्रॉडवेच्या मंडळींनी ते रोज कानांनी ऐकलं होतं, आणि ‘लिली’ तर यजमानीणबाईंचंही नाव.

१८८७ मध्ये चित्र लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं. काहींना ते फार फ्रेंच वाटलं. मोने हा फ्रेंच चित्रकार आणि त्याच्या सोबत्यांशी सार्जंटची जवळीक होती, आणि उघड्यावर, उजेडासमोर उभं राहून रंगवण्याचा हा ध्यास तिकडचाच होता. पण अकादमीचे अध्यक्ष फ्रेडरिक लेटन यांनी बाजू उचलून धरली आणि चँट्री निधीतून ७०० पौंडांना ते देशासाठी विकत घेतलं गेलं. सार्वजनिक संग्रहात गेलेलं सार्जंटचं हे पहिलं चित्र. कुणी न मागितलेल्या कामाने त्याला इंग्लंडमध्ये जागा मिळवून दिली. त्यानंतर व्यक्तिचित्रांची रीघ लागली, आणि इतक्या मोठ्या मापावर उघड्या बागेत असा सलग दोन हंगामांचा पाठलाग त्याने पुन्हा केला नाही. मला याची हळहळ वाटते. व्यक्तिचित्रं थोर आहेतच, पण त्या गवतातली हिरवी थंडी त्यांत कुठे सापडत नाही.

आमचा वर्ग

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या मागच्या आवारात हे करून पाहायचं ठरवलं आहे. तगर, अनंत आणि पांढरी शेवंती जूनमध्येच लावली, मुलांनी आपल्या हातांनी. अनंताने दगा दिला, तगर छान आली आहे, शेवंतीला कळ्या धरल्या आहेत. कंदील मुलंच करताहेत, पतंगाच्या कागदाचे, बांबूच्या कामट्यांवर. दोन मुलींनी घरून पांढरे परकर-पोलके आणायचं कबूल केलं आहे, आणि पहिलीतली एक जण त्यांच्याबरोबर उभी राहायचा हट्ट धरून बसली आहे. ती उभी राहणार.

सगळ्यांना साडेपाचला बोलावलं आहे. मोबाइल दप्तरात. रंग आधीच पॅलेटवर काढून ठेवायचे, पाणी भरून ठेवायचं, कागद टाचून तयार. सूर्य सहाच्या सुमाराला बुडेल. त्यानंतर पहिली दहा मिनिटं कुणीही कुंचला उचलायचा नाही, फक्त पाहायचं. मी “आता” म्हणेन तेव्हा सुरू करायचं आणि हिरवं दिसेनासं झालं की थांबायचं. मग तो कागद बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी किंचित लवकर यायचं, नव्या कागदासह. असे आठ दिवस.